'आध्यात्मिक अंधत्व'ला साधा मराठी शब्द कोणता?

रविवारी संडे स्कूलला बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा ९ वा अध्याय घ्यायचाय, जन्मांध माणसाला दृष्टी मिळते तो. पुस्तिकेत सगळीकडे 'आध्यात्मिक अंधत्व' छापलंय आणि सहावी-सातवीच्या पोरांनी हा शब्द ऐकला की ती खिडकीबाहेर बघायला लागतात. घरात आपण बोलतो तसला एखादा शब्द आहे का? 'मनाचा आंधळेपणा' म्हणून पाहिलं पण तेही पुस्तकीच वाटतं.

प्रतिसाद:
ताई, 'झापड' चालेल का? डोळ्यांवर झापड आलीये, असं आपण म्हणतोच की.

प्रतिसाद:
झापड झोपेची असते हो, तोंडावर पाणी मारलं की जाते, आणि हा माणूस तर जन्मापासूनचा आंधळा. शौलाच्या (तोच पुढे प्रेषित पौल झाला) गोष्टीला मात्र माझ्या आजीचा 'वडस' शब्द छान बसेल, डोळ्यावर पडदा वाढतो त्याला ती वडस म्हणायची. दिमिष्कच्या वाटेवर प्रकाश पडल्यावर शौलाला तीन दिवस काही दिसत नव्हतं, मग हनन्या नावाच्या शिष्याने हात ठेवला आणि डोळ्यांवरून खपल्यांसारखं काहीतरी पडलं असं बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' ह्या पुस्तकात आहे.
आणि मुलांना पाठ असलेलं एक उदाहरण तर हाताशीच आहे, कुसळ आणि मुसळ. येशूच्या त्या वचनाच्या मूळ ग्रीकमध्ये 'मुसळ' नाहीये, तिथे घराची तुळई आहे. मराठीत कुसळाला मुसळ जोडलं आणि ते असं काही जमलं की चर्चचं तोंड न पाहिलेला माणूसही भांडणात तेच वाक्य फेकतो.

प्रतिसाद:
शब्द कुठलाही घ्या पण एक विनंती आहे, जरा मनापासून लिहिते. माझा धाकटा भाऊ जन्मापासून बघू शकत नाही. लहानपणी प्रार्थनेला गेलं की कोणी ना कोणी आईला विचारायचंच, घरात कुणाचं काही पाप आहे का, आणि उपदेशात 'आंधळे' म्हणजे पापी असं आलं की तो माझा हात घट्ट धरायचा. शिष्यांनी येशूला अगदी हाच प्रश्न केला होता, पाप कुणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापाचं? आणि उत्तर तिसऱ्याच वचनात आहे, ह्याचंही नाही नि आईबापाचंही नाही. ताई, हे वचन आधी वाचा आणि मग पुढे जा, नाहीतर वर्गातल्या एखाद्या मुलाला आयुष्यभराची जखम होईल.

प्रतिसाद:
वरच्या ताईंचं म्हणणं शंभर टक्के पटतं, आणि अख्खा अध्याय त्यांच्याच बाजूने उभा आहे. शेवटी परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहूदी, विचारतात, आम्हीपण आंधळे की काय? तर येशू म्हणतो, आंधळे असता तर तुमच्यावर पाप नसतं, पण तुम्ही म्हणता ना 'आम्हाला दिसतं', म्हणून ते राहतं. म्हणजे डोळे नसणं हा दोष नाहीच, दोष 'मला सगळं दिसतंय' ह्या ठामपणात आहे. म्हणून मला 'अंधत्व' शब्दच इथे चुकीचा वाटतो, ती अवस्था झाली, आणि इथे तर माणूस हट्टाने डोळे मिटून बसलाय. आपल्याकडे त्याला 'डोळेझाक' म्हणतात.
आणि मराठीची गंमत बघा, 'मी पाहतो' पण 'मला दिसतं'. पाहणं मी करतो, दिसणं मला होतं. तो माणूस परूशांना सांगतो, बाकी मला माहीत नाही, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं, एवढंच ठाऊक आहे. ह्यात तो स्वतःकडे काहीच कर्तृत्व घेत नाही, जे झालं ते त्याला मिळालंय, आणि कृपा कृपा म्हणतात ती मला तरी ह्या 'मला'मध्ये सापडते. दिसणं वाढत कसं जातं तेही बघा, आधी तो 'येशू नावाचा माणूस' म्हणतो, मग 'संदेष्टा', मग 'देवापासून आलेला', आणि सभास्थानाबाहेर हाकलून दिल्यावर 'प्रभू'. येशूने सांगितलं म्हणून शिलोह तळ्यावर डोळे धुवायला गेला तेव्हा आंधळाच होता, त्यामुळे येशूचा चेहरा त्याने पहिल्यांदा बघितला तो हाकलल्यावर! परूशी नेमके उलट्या वाटेने जातात, रागाने हट्टाला पेटत.

मूळ प्रश्नकर्ती:
'डोळेझाक' घेते, मुलांना लगेच कळेल, घरी रोज ऐकतात. आणि तिसरं वचन आधी, नक्की. ताई, तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा.
शिलोह तळ्याचं पण सांगणार आहे, २००४ मध्ये यरुशलेमेत सांडपाण्याची पाइप दुरुस्त करताना त्याच्या दगडी पायऱ्या सापडल्या, असलं काही सांगितलं की पोरं सरसावून बसतात. वेळ उरला तर बेथसैदाचा आंधळा घेईन, मार्काच्या ८ व्या अध्यायातला, ज्याला पहिल्यांदा हात लावल्यावर माणसं झाडांसारखी चालताना दिसली आणि दुसऱ्यांदा हात ठेवल्यावर नीट दिसलं. त्या मधल्या दिसण्याला मी 'अंधुक' म्हणणार आहे, कारण वर्गातल्या निम्म्या मुलांचं आणि माझंही सध्या तिथंच चाललंय.