मदत हवी आहे: गॅलरीत उन्हाळाभर फुलणारी झाडं (नाशिक), मधमाश्या यायला हव्यात

गॅलरीवाली
नमस्कार. सरळ मुद्द्यावर येते. गॅलरीत उन्हाळाभर फुलत राहतील आणि मधमाश्यांना आवडतील अशी झाडं सांगा. पाडव्याच्या आसपास नर्सरीतून हौसेनं ट्रे भरून रोपं आणली, सगळी माना टाकून बसलीत. नर्सरीवाला म्हणाला होता, "बारमाही आहेत ताई, काही होत नाही." पाणी रोज घालते, खतही घातलंय. मधमाशी तर औषधालासुद्धा नाही. बी पेरा, मग थांबा, मग रोपं वेगळी करा, हे नकोय. आत्ता काय आणू ते सांगा. नेटवर सगळीकडे लॅव्हेंडर लावा असं येतं, ते कृपया सांगू नका.

भुंगा
कोणती रोपं आणली होती? गॅलरी कुठल्या दिशेला? कितवा मजला? ऊन किती वेळ? कुंड्या केवढ्या? हे कळल्याशिवाय जो सांगेल तो अंदाजपंचे सांगेल.

मंजुळा
तुळस लावा. बाकी काही लागत नाही. फक्त मंजिऱ्या सगळ्या खुडू नका, निम्म्या राहू द्या. आपल्याकडे मंजिरी दिसली की लगेच चिमटीत धरायची सवय, आणि मग म्हणायचं मधमाश्या येत नाहीत. माझ्याकडे वृंदावनात एक आणि कठड्यावर दोन तुळशी आहेत, वृंदावनातलीच्या मंजिऱ्या खुडते, कठड्यावरच्या सोडते. सकाळी कठड्यावर नुसती गुणगुण असते.

उंटावरचा शहाणा
नाशिकला मुघलांच्या काळात गुलशनाबाद म्हणायचे म्हणे. फुलांची नगरी. आणि आता धागे काढायची वेळ आली, की फूल टिकत नाही. असो. बोगनवेल लावा. पाणी विसरलात तरी मरत नाही, उन्हाळ्यात तर अंगभर फुलते.

भुंगा
@उंटावरचा शहाणा: बोगनवेलीचं जे गुलाबी-जांभळं दिसतं ते फूल नाही, रंगीत पानं आहेत. आतली पांढरट टिकली ती खरी फुलं. मधमाश्या तिकडे फारशा फिरकत नाहीत. शीर्षक वाचून उत्तर देत जा की राव.

उंटावरचा शहाणा
वाचलं. अर्धं शीर्षक तर सुटलं ना? उन्हाळाभर फुलणारी.

गॅलरीवाली
पाथर्डी फाटा. सातवा मजला. ऊन दुपारनंतर येतं आणि संध्याकाळपर्यंत मुक्कामाला असतं. कुंड्या नेहमीच्या असतात तशा. रोपं पिटुनिया, डायँथस आणि मोठा गोंड्याचा झेंडू. आता सांगणार का कुणी?

कॉलेजरोडचे काका
इथेच उत्तर आहे. पिटुनिया आणि डायँथस ही थंडीची फुलं. दिवाळीनंतर लावायची, मार्च लागला की त्यांचा हंगाम उरकतो. पाडव्याला नर्सरीत जी भरगच्च फुललेली दिसतात ती उरलेला माल काढून टाकायची घाई असते. त्यात पश्चिमेची गॅलरी. एप्रिलात पारा चाळिशीला टेकतो, दुपारची भिंत हात लावू देत नाही, सातव्या मजल्यावर वारा वेगळा. काश्मीरची फुलं भट्टीत ठेवल्यासारखं झालं ते.

झेंडूचं कारण वेगळं. गोंडा म्हणजे पाकळ्यांचा गच्च गठ्ठा. पराग नि मकरंद जिथे असतो तो मधला भाग झाकलेला किंवा नसल्यात जमा. माशी येते, वरून फिरते, जाते. एकेरी पाकळ्यांचा छोटा झेंडू आणा, ज्याचा मधला पिवळा डोळा उघडा दिसतो. फुलझाड घेताना हेच बघा, मध्ये डोळा दिसतोय का.

टेरेसवाला
ऑफिस टाइम लावा डोळे झाकून. चिनी गुलाब म्हणतात तेच. काडी मोडून मातीत खोचा, रुजते. पाणी कमी चालतं, ऊन जितकं जास्त तितकं छान. सकाळी फूल उघडलं की फुलोरी माश्या (बारीक जातीच्या मधमाश्या) थेट मधल्या केसरांत लोळण घेतात, अंगभर पिवळ्या होतात आणि मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या घेऊन जातात. बसून बघत राहावं असं.

कॉलेजरोडचे काका
@टेरेसवाला, तुमच्या टेरेसवर सकाळपासून ऊन आहे. ताईंकडे दुपारी येतं. ऑफिस टाइमला उजेड कमी पडला तर फूल नीट उघडत नाही, ढगाळ दिवशीही मिटूनच असतं. आणि मधमाश्यांची मुख्य वर्दळ सकाळची.

टेरेसवाला
काका, माझ्या मेव्हण्याची गॅलरी पश्चिमेचीच आहे, इंदिरानगरला. त्याच्याकडे फुलतं. बारा वाजता का होईना, फुलतं. आणि एकेरी पाकळीचं घ्यायचं बरं का, दुहेरीचं नुसतंच दिसायला.

कॉलेजरोडचे काका
बारा वाजता फुलून तीनला मिटणारं फूल उन्हाळाभर फुलणारं म्हणायचं तर म्हणा. एक कुंडी ठेवायला हरकत नाही. पण भिस्त गलांड्यावर ठेवा. हाराच्या फुलांतला गलांडा, नर्सरीत गॅलार्डिया म्हणून मागा. उन्हाला दाद देत नाही. सुकलेलं फूल देठासकट काढत राहिलं तर नवीन कळ्या येतच राहतात. सोडून दिलं तर बी धरतं आणि फुलणं मंदावतं. त्याच्या जोडीला पिवळा-केशरी कॉसमॉस आणि कुफिया. कुफियाची फुलं नखाएवढी, जांभळट, झुडूप बुटकं, पण मधमाश्यांचं आवडतं आणि वर्षभर फुलतं. फक्त पाणी तुटू द्यायचं नाही.

सदाफुली_९
सदाफुली कुणीच कशी सांगितली नाही?? नावातच आहे!

भुंगा
फुलते सदा, खरंय. पण तिच्या फुलाची नळी लांब आणि अरुंद. मकरंद तळाशी. लांब सोंडेच्या फुलपाखरांना जमतं, मधमाशीला जड जातं. लावा जरूर, फुलपाखरं येतील.

नाशिकरोडकर
मधमाश्या कशाला बोलावताय मुद्दाम? आमच्या शेजारच्या इमारतीत टाकीखाली आग्यामोहोळ लागलंय. लहान मुलं खाली खेळायची बंद झालीत. तुम्ही फुलं लावणार, त्या येणार, मग पोळं करणार, मग सगळी सोसायटी तुमच्या दारात. विचार करा.

निफाडचा शेतकरी
आग्या माशी कुंड्या बघून घर करत नाही दादा. तिला उंच जागा लागते. टाकी, पूल, मोठं झाड. मोसमाप्रमाणे जागा बदलते, आपण डिवचलं नाही तर निघून जाते. धूर करायचा नाही, दगड मारायचा नाही. कुंड्यांवर येतील त्या सातेरी नाहीतर फुलोरी जातीच्या मधमाश्या, खाऊन परत जातात. सातेरी किलोमीटर-दीड किलोमीटरवरूनही येते.

शहरात तुम्हाला माशी नको वाटते. इकडे कांद्याच्या उळ्यासाठी, म्हणजे बियाण्यासाठी, डेंगळे (फुलावर येणारे कांदे) लावतो, त्याला माशी नसेल तर बी भरत नाही. गोंडे नुसते पांढरे डोलतात आणि झोडपले की हाती काही नाही. डाळिंबवाले तर मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणून ठेवतात बागेत. तेव्हा बोलावत असतील ताई तर बोलावू द्या.

ताई, एक विचारतो. फवारणी काय करता?

गॅलरीवाली
पिठ्या ढेकूण झाला होता जास्वंदीवर, त्यासाठी नर्सरीवाल्यानं बाटली दिलीय. दर रविवारी सगळ्यांनाच मारते, म्हणजे परत नको. त्याचा आणि मधमाशीचा काय संबंध? झाडं कोणती आणू ते चाललं होतं.

निफाडचा शेतकरी
बाटलीवर काय लिहिलंय ते टाका.

गॅलरीवाली
इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल.

निफाडचा शेतकरी
मग माशी कशी येईल ताई. हे औषध झाडाच्या अंगात भिनतं, रसातून फुलात जातं, मकरंदात आणि परागात उतरतं. वरवर पुसलं म्हणून जात नाही. युरोपात २०१८ साली उघड्या शेतात वापरायला बंदी घातली ती याच मधमाश्यांच्या पायी. जास्वंदीला ढेकूण झाला तर जास्वंदीला उपचार करा, अख्ख्या गॅलरीला नाही. पाण्याची जोरात धार मारा, ढेकूण निम्मा तिथेच गळतो. उरलेल्यावर साबणाचं पातळ पाणी. कोपऱ्यात चिकटलेला असेल तर कापसावर स्पिरिट घेऊन टिपा.

आणि ज्या कुंड्यांत ते गेलंय, त्यांतली फुलं सध्या माश्यांसाठी नाहीतच असं धरा. नवीन रोपं नव्या मातीत लावा.

सेंद्रियप्रेमी
यावर एकच उपाय, निंबोळी तेल. दर आठवड्याला फवारा, सगळ्या किडी गायब. शिवाय जीवामृत, दशपर्णी अर्क, आंबट ताक. माझ्याकडे तर

भुंगा
@सेंद्रियप्रेमी, वाक्य तरी पूर्ण करा. आणि निंबोळी तेलही उघड्या फुलावर मारायचं नाही. तेलच ते, माशीच्या अंगाला लागणारच. मारायचं तर सूर्य मावळल्यावर, फुलं वगळून, किडीपुरतं. सेंद्रिय आहे म्हणून आठवडी बाजार भरवायची गरज नाही.

सेंद्रियप्रेमी
आजीच्या काळापासून वापरतोय, काही झालं नाही. रासायनिकवाल्यांनी शिकवू नये.

भुंगा
रासायनिक कोण म्हणालं इथे?

जागरूक_नाशिककर
माहितीसाठी: २० मे हा जागतिक मधमाशी दिवस असतो. संयुक्त राष्ट्रसंघानं २०१७ मध्ये तो जाहीर केला.

गॅलरीवाली
दिवस नको, झाडं हवीत. गलांडा, कॉसमॉस, कुफिया, तुळस, एकेरी झेंडू. लिहून घेतलं. आता रोज पाणी घालूनही माना का टाकतात ते सांगा.

कॉलेजरोडचे काका
पाणी कधी घालता? आणि सोसायटीत नळाचं येतं की बोअरचं?

गॅलरीवाली
सकाळी ऑफिसला निघताना. बोअरचं मिक्स असतं. कुंडीच्या कडेला पांढरं जमतं.

कॉलेजरोडचे काका
ते पांढरं म्हणजे क्षार. पावसाळ्यात धुऊन निघतात, उन्हाळ्यात साचत जातात. पंधरवड्यातून एकदा कुंडीखालून भरपूर पाणी वाहून जाईल इतकं ओता आणि खाली ताटली ठेवून ते पाणी तसंच साठू देऊ नका. शक्य असेल तर पिण्याचं पाणी येतं तेव्हा एक बादली झाडांसाठी भरा.

आणि पश्चिमेच्या कुंडीला सकाळचं पाणी दुपारपर्यंत संपतं. काळी प्लास्टिकची कुंडी असेल तर माती आतून तापते, मुळं भाजतात, वरून पाणी दिसतं तरी झाड मान टाकतं. लहान कुंडी मोठ्या कुंडीत ठेवा, मध्ये नारळाच्या शेंड्या भरा. मातीवर वाळक्या पानांचा थर द्या. दुपारी हिरवी शेडनेट ओढा, पन्नास टक्क्यांची पुरे. संध्याकाळी बोट खुपसून बघा, दोन पेरांपर्यंत कोरडं असेल तरच पाणी. आणि खत आता बंद. उन्हानं दमलेल्या झाडाला खत म्हणजे तापात पुरणपोळी.

मंजुळा
मधमाश्यांसाठी एका थाळीत खडे टाकून वर पाणी ठेवा. खडे पाण्याबाहेर डोकावले पाहिजेत, नाहीतर माश्या बुडतात. पाणी रोज बदला, डास होतील.

सातपूरची_सुगरण
कबुतरांवर उपाय आहे का कुणाकडे? माझ्या कोथिंबिरीत बसतात. थाळी ठेवली तर अंघोळीला येतील.

उंटावरचा शहाणा
जाळी लावा. मधमाशी जाळीतून जाते, कबूतर नाही. बघा, एक उपयोगाचं उत्तर दिलं.

सातपूरची_सुगरण
जाळी सोसायटी लावू देत नाही. आणि कोथिंबीर तशीही पांढऱ्या फुलावर गेलीय, उपटू का?

मंजुळा
अजिबात उपटू नका! कोथिंबिरीच्या फुलावर बारक्या माश्या तुटून पडतात.

टेरेसवाला
@गॅलरीवाली, पण तुम्हाला मधमाश्या हव्यात कशाला, ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीत.

गॅलरीवाली
दुधी लावलाय ग्रिलवर. मागच्या वर्षीही लावला होता. ढीगभर फुलं येतात आणि गळतात, एक दुधी लागला नाही. सगळे म्हणाले परागीभवन होत नाही, मधमाश्या हव्यात.

निफाडचा शेतकरी
आता हे आधी सांगितलं असतं तर!

दुधीचं फूल पांढरं, उघडतं संध्याकाळी. तेव्हा मधमाशी घरी गेलेली असते. त्याच्यावर रात्रीचे पतंग येतात. तुम्ही गॅलरी फुलांनी भरली तरी दुधीला त्याचा फारसा उपयोग नाही. कारलं, दोडका, काकडी असती तर वेगळी गोष्ट. त्यातही दोडका संध्याकाळीच उमलतो, पण सकाळपर्यंत उघडा राहतो.

शिवाय सुरुवातीची फुलं सगळी नरच असतात, ती गळणारच. नराचं देठ बारीक, सरळ. मादीच्या फुलामागे बोटाएवढा लवदार दुधी आधीच असतो. मादी आली का ते बघा. आली की दिवेलागणीला ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे मोडा आणि मधला दांडा मादीच्या मधोमध हलक्या हातानं फिरवा. एका नरावर दोन-तीन माद्या होतात. लागण झाली तर मागचा दुधी फुगायला लागतो, नाहीतर पिवळा पडून गळतो.

गॅलरीवाली
बारीक देठाचीच आहेत सगळी. मागे काही नाही.

निफाडचा शेतकरी
मग अजून मादी आली नाही. वेल केवढा झालाय? कुंडी केवढी?

गॅलरीवाली
ग्रिलच्या वरपर्यंत. कुंडी नेहमीची.

भुंगा
नेहमीची म्हणजे किती इंची??

गॅलरीवाली
मोजून सांगते. दहा असेल.

निफाडचा शेतकरी
दहा इंचात दुधी नुसता पाला करेल. जुनी वीस लिटरची बादली घ्या, खाली भोकं पाडा, मुळाचा गोळा न फोडता त्यात हलवा. संध्याकाळी करा, दुपारी नको. शेंडा खुडा, बाजूच्या फांद्या फुटू द्या, माद्या बहुतेक त्यावर येतात. फोटो टाका.

सदाफुली_९
निफाडचे दादा, तुमच्याकडे गलांड्याचं बी मिळेल का? कुरिअरचा खर्च मी देईन.

निफाडचा शेतकरी
माझ्याकडे द्राक्ष आणि कांदा आहे ताई. गलांडा मखमलाबादकडच्या कुठल्याही नर्सरीत विचारा. बाटली मात्र घेऊ नका.