चांगला टॅटू कशाला म्हणायचा? कोल्हापूरकरांचा अनुभव धागा

धागा काढणारी
कोल्हापुरात टॅटू काढून देणारे वाढले, पण कामाची पारख कशी करायची हे मराठीत नीट लिहिलेलं फारसं सापडत नाही. म्हणून या कामाशी थेट संबंध असणाऱ्यांना विनंती आहे. स्वतःच्या टॅटूची गोष्ट नको. काम कसं असावं, कुठं बिघडतं आणि का, तेवढं लिहा.

टॅटू काढणारा, राजारामपुरी
रेघेपासून सुरू करतो, पारख तिथंच होते. शाई बसायला हवी ती वरच्या कातडीखालच्या थरात, साधारण १ ते २ मिलिमीटर खोल. वरचा थर महिन्याभरात झडून नवा येतो. सुई वरवर फिरली की खपलीबरोबर रेघही जाते. फार खोल गेली तर शाई खालच्या चरबीत पसरते आणि रेघेभोवती निळसर सावली धरते. याला आम्ही ब्लोआउट म्हणतो. मनगटाची आतली बाजू, घोटा, बोटांच्या कडा इथं कातडी पातळ, त्यामुळं तिथं हे जास्त होतं. झालेला ब्लोआउट सहज पुसता येत नाही, बहुतेक वेळा शेडिंगखाली झाकावा लागतो.

कातडी ताणणं हे निम्मं काम. एका हाताच्या दोन बोटांनी आणि मशीन धरलेल्या हाताच्या कडेनं, अशी तीन बाजूंनी ताणली नाही तर रेघ थरथरते. बारीक रेघेला ३ सुयांचा राउंड लायनर (गोल जुळवलेल्या सुया), अक्षरांना ५ किंवा ७ सुयांचा, मोठ्या भरावाला मॅग्नम (रुंद ओळीत लावलेल्या सुया). स्टेन्सिल, म्हणजे कागदावरून कातडीवर उतरवायचा चित्राचा छाप, माणूस सरळ उभा असताना लावायचा. हात टेबलावर वळवून लावला की उभं राहिल्यावर चित्र पिळलेलं दिसतं. लावल्यावर १०-१५ मिनिटं वाळू द्यायचा, नाहीतर पहिल्याच पुसण्यात निघून जातो.

कलाकार निवडताना ताज्या कामाचे फोटो बघू नका. ताजं सगळंच काळंभोर दिसतं. वर्ष-दोन वर्षं जुन्या कामाचे फोटो मागा.

अक्षरकाम करणारी, शिवाजी पेठ
राजमुद्रेबद्दल सविस्तर लिहिते, कारण ती हवी असणारे इथं खूप आणि चुकाही तिच्यातच खूप. मजकूर असा: ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते’. ३२ अक्षरांचा, अनुष्टुभ छंदातला श्लोक, अष्टकोनात बसवलेला. ‘पच्चं’मधला जोड च एकेरी होतो, ‘र्धि’ आणि ‘र्वि’चे रफार सुटतात, ‘सू’ ऱ्हस्व होतो, ‘नोः’चा विसर्ग गळतो. याचं कारण बहुतेक वेळा एकच: फोनवर सापडलेलं धूसर चित्र गिरवलेलं असतं. दुसरं कारण संगणकाचं. चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीची सोय चालू नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला जाऊन चिकटते. म्हणून मजकूर कागदावर छापून दोघांनी मोठ्यानं वाचायचा, आणि स्टेन्सिल अंगावर लागल्यावर पुन्हा एकदा.

आता आकार. शाईची रेघ वर्षांनुवर्षं थोडी थोडी जाड होत जाते. देवनागरीत ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या एवढ्याशा फटीवर टिकलेला असतो. फट बुजली की ‘भद्राय’चं ‘मद्राय’ आणि ‘वर्धिष्णु’चं ‘वर्घिष्णु’ होतं. महाराजांच्या मुद्रेत असं होणं बघवत नाही. मात्रा-उकार सोडून अक्षराची उंची ६ मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. म्हणजे सबंध मुद्रेला ९-१० सेंटिमीटर जागा लागते. दंड, छाती, पाठ ठीक. मनगटावर ती बसत नाही, तिथं कुणी काढून देतो म्हणाला तरी नको म्हणा.

भरतीची तयारी करून घेणारा
वरच्या ताईंनी दंड, छाती, पाठ म्हटलंय, पण ज्यांना सैन्यात जायचंय त्यांनी नेमक्या याच जागा टाळायच्या. सैन्यात कोपरापासून मनगटापर्यंतची हाताची आतली बाजू आणि पंजाची मागची बाजू, एवढीच मुभा आहे. आदिवासी जमातींना परंपरेमुळं सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत हाताची आतली बाजू चालते ती फक्त डाव्या हाताची, कारण उजव्यानं सलाम करायचा असतो. शिवाय आकार त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा कमी हवा. मैदानी चाचणी पास झालेला मुलगा वैद्यकीय तपासणीत दंडावरच्या चित्रामुळं बाहेर पडतो, आणि लेसरनं लगोलग पुसू म्हटलं तर ते होत नाही.

त्वचेच्या दवाखान्यातून
लेसरच्या एका बैठकीनंतर दुसरीपर्यंत साधारण ६ ते ८ आठवडे जावे लागतात आणि बैठका बऱ्याच लागतात. काळी शाई त्यातल्या त्यात बरी निघते, हिरवी-निळी चिवट असते. पांढरी किंवा कातडीच्या रंगाची शाई लेसरनं उलट काळी पडू शकते.

आपल्या सावळ्या कातडीवर पिवळा आणि पांढरा वर्षभरात मळकट वाटतात, कारण शाई कातडीच्या स्वतःच्या रंगाखाली असते. काळा सगळ्यांत भरवशाचा. रंगांमध्ये ॲलर्जी लाल शाईची जास्त दिसते.

सुई तुमच्यासमोर पाकिटातून फोडलेली हवी. शाई छोट्या टोपणात ओतून घेतलेली हवी, आणि उरलेली परत बाटलीत जाता कामा नये. जत्रेत एकाच सुईनं पाठोपाठ गोंदतात तिथं थांबूच नका. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान ७ दिवस जिवंत राहतो, आणि स्पिरिटचा बोळा फिरवून सुई निर्जंतुक होत नाही. या काविळीची लस ०, १ आणि ६ महिन्यांना अशी ३ डोसांत असते, ती आधी घ्या. जखमेचा व्रण ज्यांच्या अंगावर फुगून वाढतो त्यांनी छाती आणि खांदा टाळावा. तीळ झाकू नये, पुढं त्यातला बदल दिसत नाही.

तालमीतला
लाल मातीत हळद, ताक, तेल असतंय म्हणून ती ताज्या टॅटूला चालंल असं समजू नका. त्याच मातीत सगळ्यांचा घाम मुरलेला असतोय. खपली पूर्ण पडेपर्यंत, निदान ३ आठवडे, आखाड्यात उतरायचं नाही. पंचगंगेत पोहणंही तेवढेच दिवस बंद. चैत्रात जोतिबाला जाणार असाल तर टॅटू यात्रेनंतर काढा, गुलाल ओल्या जखमेत बसला तर काढता काढता जीव जातोय. धुवायला साधा सौम्य साबण, वर मलमाचा अगदी पातळ हात. जाड थापलं की खपली भिजून सुटती आणि शाई घेऊन जाती.

गोंदणाचे नमुने उतरवून ठेवणारी
साठ-सत्तर वर्षांचं गोंदण असलेल्या आज्यांचे हात नीट बघा. शाई हिरवट झालेली, रेघा पसरलेल्या, तरी तुळस तुळसच दिसते. नमुना मुळातच ठिपक्यांचा आणि मोकळा असतो, त्यामुळं पसरायला जागा मिळते. तसं आता काढून घ्यायचं असेल तर ठिपक्यांत कमीत कमी ३ मिलिमीटर अंतर ठेवा. शेडिंग नको, काळ्याखेरीज रंग नको. आणि मशीनच्या सरळ पट्टीसारख्या रेघा मागू नका. ठिपके हातानं, एकेक टोचून घ्या.