सांध्यातलं पाणी तपासून घ्याच

बदललेला (कृत्रिम) सांधा दुखत असला, तरी सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आला म्हणजे त्यात इन्फेक्शन नाही, असं काहीजण म्हणतात; ते पटलं नाही. इथे इंदूरला रामबागेतल्या माझ्या मावशीचा बदललेला गुडघा सारखा ठणकायचा, रक्ताचे रिपोर्ट मात्र जवळजवळ ठीक. शेवटी सर्जननी सुईने सांध्यातलं पाणी काढलं. गढूळ, पिवळट! जुन्या दुखण्यात त्यात पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला ३०००च्या वर असल्या की इन्फेक्शनचा संशय बळावतो. पाणी काढण्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्याने अँटिबायोटिक निदान दोन आठवडे बंद हवं, नाहीतर कल्चरमध्ये (लॅबमध्ये त्या पाण्यातले जंतू वाढवून बघतात, त्यात) जंतू उगवतच नाहीत. आणि कल्चर १४ दिवस ठेवायला आवर्जून सांगा. काही जंतू फार सावकाश वाढतात, पाचव्या दिवशीच्या ‘निगेटिव्ह’वर कृपा करून थांबू नका. त्वचेतून थेट सांध्यापर्यंत गेलेलं छिद्र वाहत असेल, तर मात्र इन्फेक्शनचा तेवढाच पुरावा पुरतो.