मदत हवी आहे: दृष्टिहीन व्यक्तींसाठी आमचा चौक सुरक्षित करून घ्यायचाय, नेमकं काय मागावं?

नमस्कार मंडळी,

माझे बाबा ७१ वर्षांचे, बेस्टमधून निवृत्त कंडक्टर. काचबिंदूने आधी बाजूचं दिसणं गेलं, मग समोरचं. गेली तीन वर्षं फक्त उजेड-अंधार कळतो. पांढरी काठी घेऊन चालायला ते रीतसर शिकलेत. रोज संध्याकाळी घराजवळचा चौक ओलांडून वाचनालयाच्या कट्ट्यावर जुन्या सोबत्यांना भेटायला जायचे. जुलैत एका दुचाकीचं चाक त्यांच्या काठीवरून गेलं आणि काठी मोडली. त्यांना लागलं नाही, पण तेव्हापासून मी सोबत असेन तरच खाली उतरतात. मी घरी पोचते आठला, तोवर कट्टा उठलेला असतो.

चौक उपनगरातला आहे. सिग्नल आहे, झेब्रा आहे. तरी अडतं कुठे हे कळावं म्हणून गेल्या महिन्यात मी चार संध्याकाळी बाबांबरोबर तिथे नुसती उभी राहिले. बाबांची रीत अशी: ज्या दिशेला जायचं त्या दिशेची शेजारची वाहनं सुटल्याचा आवाज आला की आपणही सुटायचं. आता विजेवरच्या बस सुटतात तेव्हा इंजिनाची घरघरच नसते. "गाडी सुटली की नाही हे मी पायाखालच्या धक्क्यावरून ओळखायचो गं, आणि आता बस शेजारून गेलेली कळत नाही," असं बाबा म्हणाले. त्यात हॉर्न, आणि पाऊस असला तर छत्रीवरचा आवाज सगळंच बुडवतो.

शेजारची वाहनं सुटली तरी डावीकडे वळणारी थांबत नाहीत. फ्री लेफ्ट आहे ना. काठी गेली ती तिथेच.

तिसरी गोष्ट मला आधी कधी सुचली नव्हती. फुटपाथ आता कोपऱ्यावर उतरता करून रस्त्याला सपाट मिळवलाय. व्हीलचेअरला ते हवंच. पण बाबांना फुटपाथची कड हीच खूण होती. ती गेल्यावर आपण रस्त्यात उतरलोय हे त्यांना कळतच नाही. अशा जागी पायाला लागणाऱ्या गोळ्यांच्या लाद्या हव्यात. आमच्याकडे पिवळ्या लाद्या आहेत, पण रेघांच्या. रेघा म्हणजे "चालत राहा", गोळ्या म्हणजे "थांब". आणि त्या रेघा सरळ विजेच्या खांबावर जाऊन संपतात. सेइइची मियाके या जपानी माणसाने या लाद्या शोधल्या आणि १९६७ साली ओकायामात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या, हे बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मी खाकी घातली त्याच्या दहा वर्षं आधी!" आणि मग बराच वेळ गप्प बसले.

वेळही मोजला. बाबांना पलीकडे पोचायला २६ सेकंद लागतात, हिरवा माणूस १८ सेकंद राहतो. मधला दुभाजक इतका अरुंद की थांबायला जागा नाही.

अर्ज घेऊन गेले तर एका कार्यालयात म्हणाले सिग्नल आमच्याकडे नाही, दुसऱ्यात म्हणाले बसवणारे ते, आम्ही नाही. एकाने विचारलं, "इथून अंध माणसं किती जातात, आकडा आणा." मला उत्तर सुचलं नाही, घरी येऊन रडले.

कृपया सांगा, अर्ज कुणाच्या नावे करावा? आवाज करणारा सिग्नल मागितला तर समोरच्या इमारतीतले लोक हरकत घेतील का? आणि त्या आकड्याच्या प्रश्नाला काय म्हणावं? रविवारी सकाळी गर्दी नसताना टेप घेऊन चौकाचा नकाशा काढणार आहोत. कुणी यायला तयार असेल तर फार बरं होईल.

प्रतिसाद – वरळीकर

ताई, मी जन्मांध आहे, वीस वर्षं लोकलने नोकरीला जातोय. आकडा देऊ नका. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा माणसं मोजून रस्ता द्या म्हणत नाही. राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ ला सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना जागा आणि सोयी वापरता येण्याचे, किमान निकष सक्तीचे करायला सांगितलंय, ते अर्जात लिहा. अर्ज एकच करा, महापालिका आणि वाहतूक पोलीस दोघांच्याही नावे, आणि "संयुक्त पाहणी" मागा. पोच घेतल्याशिवाय हलू नका. दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते.

आवाजाचं म्हणाल तर नुसता भोंगा मागू नका. चांगल्या यंत्रात खांबावर बटण असतं, ते हळू टिकटिकतं म्हणजे खांब सापडतो. वर बोटाला लागणारा बाण असतो, तो दिशा सांगतो, आणि हिरवा लागला की थरथरतो. रस्ता शांत झाला की आवाज आपोआप उतरतो, त्यामुळे रात्री शेजाऱ्यांना त्रास नाही. फक्त एकाच कोपऱ्यावरच्या दोन दिशांचे आवाज एकात एक मिसळायला नकोत, म्हणून त्यांचे खांब एकमेकांपासून लांब हवेत.

पण माझं ऐकाल तर बीपच्या आधी फ्री लेफ्ट बंद करायला आणि झेब्रा फुटपाथच्या उंचीला उचलायला सांगा. बीप ऐकून मी निघेन आणि वळणारी गाडी थांबणार नसेल तर तो बीप मला फसवतो.

आणि मदत करणाऱ्यांना एक सांगणं: दंड धरून ओढू नका. तुमचा कोपर आम्हाला धरू द्या, आम्ही अर्धं पाऊल मागून येतो. मला एकदा एका भल्या बाईंनी नको त्या बाजूला नेऊन सोडलं होतं.

रविवारी येऊ नका. रिकामा चौक मोजून काय मिळणार? सोमवारी संध्याकाळी सहाला ठेवा, मी काठी घेऊन येतो.

धागाकर्ती

मनापासून आभार. सोमवारी सहा नक्की, हाफ डे घेतलाय. बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "ते वरळीहून येणार ना? मग स्टेशनवरून कुठली बस धरायची ते मी सांगतो." निरोपातून तुमचा नंबर कळवाल का? ते स्वतः फोन करतील.