पगार पुरत नाही आणि पैसे उडवतो, यातला फरक ओळखायचा कसा?

हिशेबवही:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. तर झालं असं की आमच्या ऑफिसात एकाने पगारातून उचल मागितली, तारीख होती १९. तो टेबलावरून उठून गेला रे गेला की लगेच सुरू, "मागच्याच महिन्यात हप्त्यावर नवा फोन घेतलाय, मग उरणार कुठून?" मीही मान डोलावली, खोटं कशाला बोलू. पण नंतर ते डोक्यातून जाईना, कारण त्याच टेबलावर एक जण असा आहे ज्याला वडिलांचं घर आयतं मिळालंय, भाडं शून्य, दोघांचा पगार सारखाच, आणि बचतीचे धडे सगळ्यात जोरात तोच देत होता.

तर प्रश्न असा की माणसाकडे पैसा नसतो तो त्याच्या सवयींमुळे, का मुळात वाटणीच तशी आहे म्हणून? मी स्वतः पै-पै लिहून ठेवणारा माणूस (आयडीवरून कळलंच असेल), त्यामुळे सगळं व्यवस्थेवर ढकलून मोकळं होणं मला पटत नाही. पण त्या दिवशी मान डोलावली तेही आता पटत नाहीये.

रोखठोक:
सवयी. आणि मी काठावर बसून सांगत नाहीये, कार्डाच्या कर्जात तीन वर्षं काढलीत मी. दर महिन्याला "किमान रक्कम" भरायची आणि बिल भरलं म्हणून खूश व्हायचं. महिना ३ टक्के, मला वाटायचं तीनच तर आहेत! नंतर कोणीतरी ते ७२ चं गणित सांगितलं, ७२ ला वर्षाच्या व्याजदराने भागा, रक्कम साधारण किती वर्षांत दुप्पट होते ते येतं. वर्षाला ३६ म्हणजे दोन वर्षांत दुप्पट, त्या रात्री झोप लागली नाही. कोणी फसवलं होतं का? नाही, कागदावर सगळं छापलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. कार्ड कात्रीने कापलं, सगळ्यात जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडलं आणि बाहेर पडलो.

हेच गणित उलटं पण चालतं. २५ ते ३५ अशी दहाच वर्षं दर वर्षी ठरावीक रक्कम ८ टक्क्यांनी गुंतवा आणि पुढे एक पैसाही घालू नका. दुसरा माणूस ३५ ला जागा होऊन ६० पर्यंत तेवढीच रक्कम दर वर्षी भरत बसला तरी पहिलाच पुढे असतो. विषमता आहे, कोण नाही म्हणतंय, पण ती मिटेपर्यंत फोनचे हप्ते तुम्हीच भरणार ना?

आकडेमोड:
रोखठोक, तुमचं गणित ताडून बघितलं, बरोबर आहे. वर्षाअखेरीस १०० भरले असं धरलं तर ६० व्या वर्षी पहिल्याचे ९,९०० च्या वर होतात आणि दुसऱ्याचे ७,३०० च्या आसपास. पण मला सांगा, २५ ते ३५ मध्ये ज्याच्या हातात दर वर्षी १०० उरतात तो कोण? ज्याच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज नाही, घरात कोणाचं आजारपण नाही, भाडं नाही. चक्रवाढ शिस्तीला बक्षीस देते ते खरं, पण आयत्या सुरुवातीलाही तेवढंच देते, तिला दोन्हीतला फरक कळत नाही.

हिशेबवही, तुमच्या टेबलाचंच बघा. विषमता मोजायला जिनी निर्देशांक वापरतात, १९१२ मध्ये कोर्रादो जिनीने मांडलेला, सगळ्यांकडे सारखं असेल तर ०, एकाकडेच सगळं असेल तर १. त्या दोघांचा पगाराचा जिनी ० येईल आणि संपत्तीचा काढायला गेलात तर बराच वर. लोक बोलताना या दोन गोष्टींची मिसळ करतात आणि मग भांडत बसतात.

आणि एक गंमत सांगतो, जरा लांबण लागेल. भौतिकशास्त्रवाल्यांचं एक "यार्ड सेल" नावाचं मॉडेल आहे. दोघांनी नाणं उडवायचं, नाणं एकदम खरं, कोणाची लबाडी नाही. पैज किती, तर दोघांत ज्याच्याकडे कमी आहे त्याच्या पैशाच्या समजा २० टक्के. आता कमीवाल्याकडे १०० आहेत. जिंकला, झाले १२०. पुढच्या वेळी हरला, १२० चे २० टक्के म्हणजे २४ गेले, उरले ९६. बरं, आधी हरून मग जिंकला तरी ८० वरून ९६ च. एकदा जीत एकदा हार, बरोबरी, आणि तरी ४ गेले. ते गेले समोरच्याकडे, ज्याच्याकडे १००० आहेत आणि ज्याच्यासाठी तीच पैज २ टक्क्यांची होती. मी स्प्रेडशीटमध्ये १०० जण सारख्या पैशांवर सुरू करून खेळवले, कोणी हुशार नाही, कोणी आळशी नाही, कोणी फोन घेत नाही. तरी खेळ जितका लांबवाल तितका पैसा मोजक्या लोकांकडे सरकत जातो. शेवटी जो वर राहतो त्याला विचारलं असतं तर तो पण म्हणाला असता, सवयी.

काठावरचा:
शेवटच्या वाक्याला +१ 😄
अवांतर: मोनोपॉली हा जमिनी विकत घ्यायचा पटावरचा खेळ ज्या खेळावरून आला तो लिझी मॅगी नावाच्या बाईंनी केला होता, १९०४ चं पेटंट आहे. जमीनमालक कसा गब्बर होत जातो ते लोकांना दाखवायचं म्हणून. त्यांनी नियम पण दोन तऱ्हेचे केले होते, एकात सगळ्यांचा फायदा आणि दुसऱ्यात बाकीच्यांना भिकेला लावायचं. लोकांना दुसराच आवडला.

मधलीसुट्टी:
मी दोन्ही बाजूंनी राहिलेली बाई आहे म्हणून लिहिते. हातात पैसे नसताना सगळं महाग पडतं हे ज्याने भोगलं नाही त्याला समजावणं फार अवघड. खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून दंड कापला जातो, म्हणजे ज्याच्याकडे नाहीत त्याच्याकडूनच! विम्याचा हप्ता वर्षाचा एकदम भरला की स्वस्त, महिन्याला तुकड्या-तुकड्यात भरला की एकूण जास्त, आणि मला कधी एकदम भरणं जमलंच नाही. दात दुखत होता तेव्हा "पुढच्या महिन्यात बघू" करत सात महिने काढले, मग भरून भागण्यासारखा राहिला नाही, काढावा लागला, आणि तो खर्च वेगळा. कोणी म्हणेल ही निष्काळजी. असेल.

पण डोकं चालत नाही हो त्या काळात. २०१३ मध्ये एक संशोधन आलं होतं, तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांचं. तेच शेतकरी, कापणीच्या आधी हात रिकामा असताना आणि कापणीनंतर पैसे आल्यावर, दोन्ही वेळा बुद्धीच्या चाचण्या घेतल्या. आधीचे निकाल कमी आले. माणूस बदलला नव्हता, खिसा बदलला होता. आणि ती मुलांपुढे मार्शमेलो (मऊ गोड खाऊ) ठेवून, आत्ता खाल्ला नाहीस तर आणखी एक देऊ म्हणून थांबायला लावायची प्रसिद्ध चाचणी, जो थांबला तो पुढे यशस्वी वगैरे. ती २०१८ मध्ये नऊशेवर मुलांची माहिती घेऊन परत तपासली, तर घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर थांबण्याचा परिणाम बराच पातळ झाला. ज्या घरात उद्या मिळेल याची खात्री नाही तिथलं पोर आत्ताच खाणार, त्यात त्याचं काय चुकलं?

रोखठोक:
दाताचं वाचून वाईट वाटलं, खरंच. शेतकऱ्यांचं माहीत नव्हतं, आणि मलाही आठवतंय की कर्जात असताना मी ऑफिसात साध्या-साध्या चुका करायचो. पण मधलीसुट्टी ताई, मग तुम्ही बाहेर कशा पडलात? काहीतरी केलंच असेल ना? मला भीती ही वाटते की पोरांना "खेळच फसवा आहे" एवढंच सांगितलं तर ती खेळायचंच सोडतील. आकडेमोडच्या खेळात निदान पैज लहान करता येत नाही, खऱ्या आयुष्यात थोडी तरी येते.

मधलीसुट्टी:
खरं सांगू? बढती मिळाली. शिस्त नंतर आली. आणि शिस्त म्हणजे तरी काय, पगार झाला की त्याच दिवशी ठरावीक रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात जाते, मला ती दिसतच नाही. थेलर आणि बेनार्ट्झी या अर्थतज्ज्ञांनी हेच कामगारांवर करून बघितलं होतं, आत्ता काही कापायचं नाही, पुढची पगारवाढ झाली की तेव्हा थोडं वाढवायचं, एवढंच आधी कबूल करून घ्यायचं. बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ वर गेली. माणसं तीच, त्यांचा निग्रह पण तोच. (पण त्यांना पगारवाढ मिळत होती हेही विसरू नका.)

हिशेबवही:
सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. अपडेट देतो. मी आज त्याला धीर करून विचारलं. मला वाटलं फोन मुलांच्या अभ्यासाला बिभ्यासाला घेतला असेल, म्हणजे माझी मान डोलावणी पूर्ण चुकीची ठरेल. तसं काही नाही, "आवडला म्हणून घेतला" म्हणाला, सरळ. उचल मात्र घरासाठी होती, मालकाने भाडं वाढवलं म्हणून घर बदलतोय, नवीन ठिकाणी अनामत रक्कम आधी, जुनी परत मिळणार नंतर. मग माझ्या सवयीप्रमाणे मी हिशेब मांडला, फोनचा हप्ता त्या अनामतीच्या बाराव्या भागाएवढाही नाही. म्हणजे फोन घेतला नसता तरी १९ तारखेला तो त्याच खुर्चीत बसला असता. टेबलावर हे कोणाला सांगितलं नाही अजून. वडिलांचं घर मिळालेल्याला तर नाहीच.

आकडेमोड, ते शीट पाठवता का? २० च्या जागी ५ टक्के टाकून बघायचंय, रोखठोक म्हणतात तसं पैज लहान करून.

आकडेमोड:
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. ५ ने पण मी बघितलंय, तेच होतं, फक्त वेळ जास्त लागतो. दर फेरीनंतर प्रत्येकाकडून त्याच्या पैशाच्या प्रमाणात थोडं-थोडं घेऊन सगळ्यांत सारखं वाटायचं असा एक कॉलम पण आहे, सध्या ० ठेवलाय, तो वाढवून बघा, मग पैसा एकाकडे गोळा होत नाही.

रोखठोक:
कर म्हणा की सरळ. मला पण पाठवा.