गोव्यात एकटीनं महिना-दीड महिना राहायचंय, खोली कुठे बघू?

सांगलीची_पोर

नमस्कार मंडळी. वय २५. व्हिडिओंना मराठी सबटायटल्स करायचं काम आहे, लॅपटॉप आणि नेट असलं की कुठूनही चालतं. यंदा एका जागी बसायचं नाही असं ठरवलंय. एकेका गावात महिना-दीड महिना राहायचं, कंटाळा आला की पुढचं गाव. सुरुवात गोव्यापासून, कारण मिरजेहून गोवा एक्सप्रेस थेट मडगावला सोडते आणि आईला तेवढं अंतर 'जवळ' वाटतं. बाबा गोवा म्हटल्यापासून तोंडासमोर पेपर धरून बसलेत.

जूनअखेर निघेन. स्कूटी येते, लायसन्स आहे. भाड्याला दहा-बारा हजारांच्या वर झेपणार नाही. हरमल मनात आहे, फोटोत फार सुंदर दिसतं. एकट्या मुलीला खोली देतात का? रात्री यायला-जायला काय मिळतं? 'काळजी घे' सोडून काहीही सांगा, ते घरी रोज ऐकते.

निवृत्त_कंडक्टर

बाय, कदंबात, म्हणजे गोव्याच्या एसटीत, जन्म गेला म्हणून सांगतो. खोली बघायला जाशील तिथं भाडं नंतर विचार, आधी शेवटची बस किती वाजताची ते विचार. पणजी-मडगाव, पणजी-म्हापसा, पणजी-फोंडा या मार्गांवर संध्याकाळी बशींची ददात नाही. आतल्या गावांत मात्र आठ वाजले की संपलं, आणि रविवारी खासगी बसवाले निम्मे घरी झोपलेले. ओला-उबर इथं नाही. गोवा माइल्स आहे, पण आडगावात रात्री गाडी मिळेलच असं नाही. मोटारसायकल पायलट स्टँडवर उभे असतात, पिवळ्या मडगार्डवाले. भाडं बसायच्या आधी ठरवायचं. तेही रात्री जेवायला घरी जातात.

बिऱ्हाड_पाठीवर

काकांनी एका दमात लाखाचं सांगितलं. मीही अशीच फिरते, सध्या मुक्काम डिचोली.

हरमल पावसात नको गं. तू बघितलेले फोटो डिसेंबरचे. जूनमध्ये शॅक उतरवलेले, झोपड्या निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेल्या, गल्लीतली निम्मी शटरं खाली. भाडं पडतं हे खरं, म्हणूनच सगळ्यांना मोह होतो. पण सीझनमध्ये तिथं एकट्या बाईला जी सोबत वाटते, ती गर्दीची असते. गर्दी गेली की सात वाजता त्या गल्लीत तू आणि कुत्री. समुद्र तर पावसात लांबूनच बघायचा. लाल बावटा असला की पोहता येणाऱ्यांनीसुद्धा शहाणपणा करू नये.

माझं मत सांगते, पटलं तर घे. गोव्यात खोली बघताना समुद्र किती लांब हे बघू नये. बाराही महिने माणसं राहतात असा वाडा बघावा. डिचोली, साखळी, फोंडा, म्हापसा, यांतलं काहीही. मराठी सगळीकडे चालते, उत्तर कोकणीत आलं तरी तुझं अडणार नाही.

आता माझ्याकडे वरच्या मजल्यावरची खोली आहे, जिना बाहेरून. खाली मालकीणआजी दारातल्या सोप्यावर बसून असतात. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय जिना चढता येत नाही. "आज वेळ जालो गो?" हा प्रश्न सुरुवातीला डोक्यात जायचा. मी घर सोडलं ते असल्या प्रश्नांना कंटाळून, आणि इथं भाडं भरून तेच ऐकतेय! पण सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पों-पों करत येतो, त्यालाही माझे दोन उंडे (गोल पाव) ठाऊक. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला माझी बस ठाऊक. एकदा मी आजींना न सांगता काणकोणला दोन रात्री राहिले, तर पोदेरानं आजींना विचारलं, आजींनी दुकानदाराला, आणि त्यानं मला फोन केला. कॅमेरे लावलेल्या बिल्डिंगमध्ये हे कोणी करत नाही. बदल्यात 'लग्न कधी' चुकत नाही. एकदाच सविस्तर उत्तर द्यायचं, ते वाडाभर आपोआप पोचतं.

पहिले दोन-चार दिवस देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, काढायचे असतील तर फोंड्याकडे बघ, पण आधी फोन कर. एका ठिकाणी "एकटीच? मग जमणार नाही" ऐकून सॅक उचलून बाहेर पडले होते. दुसरीकडे आईशी फोनवर बोलून घेतलं आणि किल्ली हातात दिली.

कागदांचं : मालक तुझं आधार कार्ड मागेल, भाडेकरूचा फॉर्म पोलीस स्टेशनात देईल. "कशाला ती भानगड" म्हणणारा मालक दिसला की चहा पिऊन निघायचं. स्कूटी भाड्यानं घेशील तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं बघून घे. पांढऱ्या पाटीची स्वस्त मिळते, पण तिला भाड्यानं द्यायचा परवाना नसतो आणि नाक्यावर पोलिसांशी बोलायची वेळ तुझ्यावर येते.

त्रासाचं विचारशील तर, माझ्या स्कूटीशेजारी गाडी हळू करून काचा खाली घेणारे आजवर बहुतेक एमएच पासिंगचे निघाले. म्हणजे आपलेच दादालोक, गोव्याला 'एन्जॉय' करायला आलेले. मराठीतच सुनावते, आणि खणखणीत. गावाकडची भाषा ऐकली की काच पटकन वर जाते.

राहता राहिला पाऊस. चामड्याच्या पट्ट्याला आठवड्यात हिरवी लव येते, कपडे वाळतच नाहीत, वीज जाते. इन्व्हर्टर आहे का, नेटची वायर घरात आलीय का, हे खोलीतच उभं राहून विचार. वीज गेलीच तर मी सरळ पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन बसते. कदंब स्टँडवरून चालत जाता येतं. १८३२ पासूनचं ग्रंथालय, इमारत नवी आणि ऐसपैस. मराठी पुस्तकांचं दालन बघितलंस की काम बाजूला पडेल, हा एक धोका आहे.

फोंड्याची_काकू

मी घरातली एक खोली भाड्यानं देते, तर दुसरी बाजूही ऐक बाळा. एकट्या मुलीला नाही म्हणतात ते प्रत्येक वेळी संशयानं नव्हे. तापानं फणफणलीस तर फोन कोणाला करायचा, ही आम्हाला धास्ती. पहिल्या दिवशी आईला घेऊन ये, ते जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर घाल. निम्मी कटकट तिथंच मिटते.

आणखी एक, कोणी सांगणार नाही म्हणून सांगते. चवथीला आमच्याकडे मुंबई-पुण्याची सगळी माणसं येतात. तेवढ्या दिवसांपुरती खोली मोकळी करून मागणारे मालक आहेत. तुझा मुक्काम लांबून गणपती मध्ये येत असतील तर खोली घेतानाच बोलून ठेव. माझ्याकडे असतीस तर हाकललं नसतं, गणपतीवरची फळांची माटोळी बांधायला स्टुलावर उभी केली असती.

सांगलीची_पोर

सगळ्यांचे खूप आभार. हरमल रद्द. आईला काकूंचा प्रतिसाद वाचून दाखवला, ती म्हणाली यांच्याकडेच राहा! बाबांनी पेपर खाली घेऊन 'अग्रशाळा म्हणजे काय' एवढं विचारलं. डिचोली जवळपास नक्की करतेय. @बिऱ्हाड_पाठीवर, जेवणाचं कसं करतेस? आणि मडगावहून डिचोलीला कसं यायचं?

बिऱ्हाड_पाठीवर

दुपारी खानावळीत शीत-कडी आणि तळलेला मासा, रात्री खोलीवर खिचडी नाहीतर उंडा आणि पातळभाजी. मांसमच्छी खोलीत शिजवलेली चालेल का ते मालकांना विचारून घे, काही घरांत चालत नाही. वाटेचं काकाच नीट सांगतील.

निवृत्त_कंडक्टर

डिचोली ठरलं असेल तर मडगाव कशाला? उगाच द्राविडी प्राणायाम. सांगलीहून बेळगाव गाठ, तिथून चोर्ला घाटानं पणजीला येणारी बस धर आणि साखळीला उतर. तिथून डिचोली हाकेच्या अंतरावर, बस सारख्या. पावसात घाटात दरड आली तर वाहतूक दुसरीकडून वळवतात, म्हणून आदल्या दिवशी बेळगाव स्टँडवर फोन करून विचार. आणि बस दिवसाची धर, रात्रीची साखळीला भलत्या वेळी उतरवते.