मदत हवी आहे: केइक्यूची 'गाणारी' लाल लोकल

नमस्कार मंडळी. बाबा २००८ साली कामानिमित्त जपानमधल्या कावासाकीला होते. रोज केइक्यू या तिथल्या खासगी रेल्वेच्या नव्या १००० मालिकेच्या गाडीने जायचे. गाडी सुटताना खालून सा-रे-ग-मसारखे सूर चढत जायचे, अजूनही ते गुणगुणून दाखवतात. मोटरला वीज पुरवणाऱ्या सीमेन्सच्या जीटीओ इन्व्हर्टरची वारंवारता टप्प्याटप्प्याने वाढायची, म्हणून मोटरचा आवाज सुरांत यायचा. २०२१ च्या जुलैत अशी गाणारी शेवटची गाडीही गप्प झाली.

बाबांच्या पंचाहत्तरीला एन-गेजचं (छोट्या मापाचं) रेल्वे मॉडेल करून द्यायचंय. त्यांच्याकडे एकच फोटो आहे: लालभडक डबा, खिडक्यांभोवती पांढरा पट्टा, एका बाजूला तीन दारं. दोन दारांची असती तर २१०० मालिका म्हटलं असतं. नव्या १००० चे २००७ पासूनचे डबे स्टेनलेस स्टीलचे, त्यामुळे हा आधीचा ॲल्युमिनियमचा असावा असं मला वाटतं. पण ६०० मालिकाही लाल आणि तीन दारांचीच! डब्याचा क्रमांक बोटाआड गेलाय.

क्रमांकाशिवाय नवी १००० आणि ६०० या दोन्ही कशा ओळखायच्या? खिडक्या की पुढचा चेहरा, नेमकं काय बघू? आणि सुरुवातीच्या आवाजाचं स्वच्छ रेकॉर्डिंग कुणाकडे असेल तर कृपया द्या. मॉडेलखाली छोटा स्पीकर बसवणार आहे.